ट्यूब काढली, एलईडी लावला; मग वाचलं नेमकं किती?

मे महिन्यात दुपारी दोन वाजता जालना रोडवरच्या एखाद्या जुन्या कॉम्प्लेक्समध्ये शिरून बघा. बाहेर डोळे उघडवत नाहीत इतकं ऊन, आणि आत खिडक्यांना जाड पडदे लावून सगळ्या ट्यूब चालू. उजेड हवा असतो, पण ऊन नको असतं. अशा ऑफिसात कुणी तांब्याच्या चोकवाली ट्यूब काढून एलईडी बसवला की लगेच म्हटलं जातं, "निम्म्याहून जास्त वीज वाचली." मीही माझ्या सिनॉप्सिसमध्ये हेच वाक्य लिहिलं होतं, आकड्यासकट: ५८ टक्के बचत. आरआरसीसमोर एका सरांनी एवढंच विचारलं, "कशाच्या तुलनेत?" मी म्हणालो, "आधीच्या ट्यूबच्या." ते म्हणाले, "आधीच्या सगळ्या ट्यूब लागत होत्या का?"

मला माहीत नव्हतं. मी मोजलंच नव्हतं. पेट देऊन संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी हा विषय मुद्दाम घेतोय, कारण यातलं भौतिकशास्त्र बारावीचं आहे, आणि तरीही उत्तर चुकायला भरपूर जागा आहे.

आधी सोपा हिशोब. समजा १०० चौरस मीटरचं ऑफिस आहे आणि त्यात २४ ट्यूब. ट्यूबवर ३६ वॉट लिहिलेलं असतं, पण चोक स्वतः तापतो आणि साधारण १२ वॉट खातो. म्हणजे प्रत्येकी ४८, एकूण ११५२ वॉट. त्या जागी २० वॉटच्या एलईडी पट्ट्या लावल्या तर ४८० वॉट. वर्षाला ३०० दिवस, रोज ९ तास, म्हणजे २७०० तास. आधी सुमारे ३११० युनिट, नंतर १२९६. बचत १८१४ युनिट, ५८ टक्के. कंत्राटदाराच्या कागदावर हाच हिशोब असतो आणि त्यात बेरीज-वजाबाकीची एकही चूक नसते.

आता त्याच ऑफिसात आठवडाभर बसा. २४ पैकी ४ ट्यूब बंद आहेत. कुणाचा स्टार्टर गेलाय, कुणाची टोकं काळी पडलीत. शिवाय खिडकीकडच्या रांगा सकाळी कुणी लावतच नाही, त्यामुळे सरासरी ९ नाही, साडेसहा तास पडतात. म्हणजे २० ट्यूब, ९६० वॉट, १९५० तास: १८७२ युनिट. एलईडी आल्यावर काय होतं? सगळे २४ दिवे लागतात, आणि "याला कुठं बिल येतं" म्हणून दिवसभर चालू राहतात. १२९६ युनिट. खरी बचत ५७६ युनिट, म्हणजे ३१ टक्क्यांच्या आसपास. कागदावरच्या १८१४ च्या एक तृतीयांशापेक्षाही कमी.

दिवा तोच, वॉट तेच. बदलला तो फक्त "आधी काय होतं" या प्रश्नाचा जबाब. याला आपण आधाररेषा म्हणू. या विषयातलं निम्मं संशोधन आधाररेषेवरच अडतं.

आणि इथे सरळ उत्तर नाही, हे मला फार उशिरा कळलं. कंत्राटदार म्हणेल, "साहेब, ४ ट्यूब बंद होत्या हा तुमचा निष्काळजीपणा. मी २४ दिव्यांचा उजेड दिलाय, तर तुलना २४ चालू ट्यूबशीच करा." त्याचं म्हणणं चूक नाही. उजेड वाढला असेल तर सेवा वाढली, नुसते युनिट बघून चालणार नाही. मालक म्हणेल, "माझं बिल किती कमी झालं ते सांगा." तेही बरोबर. बचत मोजण्याचा जगभर वापरला जाणारा एक आराखडा आहे, आयपीएमव्हीपी नावाचा. त्यात अशा बदलांसाठी आधाररेषा दुरुस्त करायची सोय आहे, पण दुरुस्ती कोणती आणि का केली ते लिहून ठेवावं लागतं. माझं मत: प्रबंधात दोन्ही आकडे द्या. प्रत्यक्ष युनिटमधली घट वेगळी आणि समान उजेडाला धरून काढलेली बचत वेगळी.

हा वाद पुस्तकी नाही, कारण यावर पैसे ठरतात. ईईएसएल ही केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतली, सार्वजनिक कंपन्यांनी मिळून २००९ मध्ये काढलेली कंपनी. तिची पद्धत अशी की दिवे बदलायचा खर्च आधी तिने करायचा आणि वाचलेल्या बिलातून तो वसूल करायचा. २०१७ मध्ये तिचा इमारतींसाठीचा कार्यक्रम सुरू झाला आणि आपल्या राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागानेही सरकारी इमारतींसाठी तिच्याशी करार केला. परतफेड बचतीतून होणार असेल, तर "वाचलं किती" हा आकडा म्हणजे थेट रक्कम.

याच कंपनीच्या उजाला योजनेचा आकडा एकदा स्वतः तपासून बघा, चांगला व्यायाम आहे. २०१५ पासून ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले आणि वर्षाला सुमारे ४८ अब्ज युनिट वाचतात, असं सरकारी निवेदनांत येतं. भागाकार करा: एका बल्बमागे साधारण १३० युनिट. ६० वॉटचा पिवळा बल्ब काढून ९ वॉटचा एलईडी लावला तर ५१ वॉट वाचतात. १३० युनिट व्हायला तो बल्ब वर्षभर रोज जवळपास ७ तास लागायला हवा. बैठकीच्या खोलीत शक्य आहे, बाथरूममध्ये नाही. आणि जर १४ वॉटचा सीएफएल काढला असेल, तर वाचतात फक्त ५ वॉट. मग दिवसाचे २४ तासही पुरत नाहीत. योजनेमुळे एलईडी स्वस्त झाला, घराघरात पोचला, हे खरंच. पण असा आकडा मीटरवर मोजलेला नसतो. तो गृहीत धरलेल्या वॉट आणि तासांचा गुणाकार असतो. वाचताना पहिला प्रश्न हाच: मोजलंय की मानलंय?

आता मोजमाप. माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक इथलीच. मी क्लॅम्प मीटर घेऊन गेलो, एका ट्यूबचा करंट पाहिला, ०.४३ अँपिअर. त्याला २३० ने गुणलं आणि वहीत लिहिलं ९९ वॉट. प्रत्यक्षात ती ४८ वॉटच खात होती. चोक म्हणजे वेटोळं. त्यात करंट व्होल्टेजच्या मागे पडतो आणि कपॅसिटर नसेल तर पॉवर फॅक्टर जेमतेम ०.५ असतो. मी व्होल्ट-अँपिअर मोजून वॉट म्हणत होतो, म्हणजे आधाररेषा दुप्पट! गाईडच्या लक्षात आलं म्हणून बरं. खरे वॉट दाखवणारा पॉवर मीटर घ्या, विभागाच्या लॅबमध्ये असतोच. व्होल्टेजही सोबत लिहा, कारण चोकवाल्या ट्यूबचे वॉट व्होल्टेजप्रमाणे हलतात, चांगल्या ड्रायव्हरच्या एलईडीचे फारसे हलत नाहीत. पॉवर फॅक्टर फेकून देऊ नका मात्र: महाराष्ट्रात उच्चदाबाच्या ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच धरून बिल येतं, त्यामुळे तिथे तो खिशाला लागतो. स्वस्त ड्रायव्हरचा एलईडी इथे उघडा पडतो.

वॉट झाले, तास राहिले. तास विचारून मिळत नाहीत. शिपाईमामा सांगतील "दहा ते सहा", लॉगर काही वेगळंच सांगेल. सगळ्या दिव्यांना लॉगर लावायला पैसे नसतात, म्हणून नमुना घ्यायचा. ९० टक्के विश्वासपातळी, १० टक्के अचूकता, आणि तासांमधला फरक सरासरीच्या निम्मा (म्हणजे विचरणगुणांक ०.५) मानला तर: १.६४५ गुणिले ०.५, भागिले ०.१, आणि त्याचा वर्ग. उत्तर ६८. इमारतीत दिव्यांची सर्किटं एकूण २०० च असतील तर दुरुस्ती करून ५१. नमुना चिठ्ठ्या टाकून निवडा. मी पहिल्यांदा स्टूलवर उभं राहून हात पोचेल तिथे लॉगर लावले होते. ते सगळे कॉरिडॉरमध्ये निघाले, आणि कॉरिडॉरचे दिवे कुणीच बंद करत नाही.

"मग सरळ बिलच बघू ना" असं वाटेल. आयपीएमव्हीपीमध्ये तोही पर्याय आहे, पूर्ण इमारतीचं मीटर धरायचा. पण वरच्या उदाहरणात बचत महिन्याला ४८ युनिट आहे. महिन्याला दीड हजार युनिट जाळणाऱ्या एसीवाल्या ऑफिसात एप्रिलचा एक आठवडा जास्त तापला, की ४८ युनिट कुठे गेले तेही कळत नाही. बचत एकूण वापराच्या मानाने लहान असेल तर बिल बघून काही सिद्ध होत नाही. याची एक चांगली बाजूही आहे: दिव्याची वीज शेवटी खोलीत उष्णताच होते. एसीचा कार्यगुणांक ३ धरला तर दिव्यांचे १०० वॉट कमी झाले की एसीवरचे आणखी ३३ वॉट कमी होतात. पण एसी चालू असेल तेव्हाच. डिसेंबरमध्ये ही बचत मोजू नका.

राहिला उजेड, ज्यासाठी हे सगळं चाललंय. टेबलावरचे लक्स काढायचं सूत्र सरळ आहे: दिव्यांची संख्या, प्रत्येकाचे ल्युमेन, उपयोग गुणांक आणि देखभाल गुणांक यांचा गुणाकार, भागिले क्षेत्रफळ. जुन्या साध्या ट्यूबचे २४५० ल्युमेन, पण ती चारी बाजूंना प्रकाश टाकते, वर धूळ बसते. गुणांक ०.५ आणि ०.७ धरले तर २४ ट्यूबचे २०६ लक्स, चालू असलेल्या २० चे १७२. एलईडीचे २००० ल्युमेन, पण बहुतेक खाली येतात. ०.६ आणि ०.८ धरून २३० लक्स. टेबलावर उजेड वाढला, तरी काही लोक "अंधारल्यासारखं वाटतं" म्हणतात, कारण छत आणि भिंतींचा वरचा भाग आता काळवंडलेला असतो. ते खोटं बोलत नाहीत, लक्स मीटर फक्त टेबल बघतो.

भारतीय मानक ३६४६ ऑफिससाठी ३०० ते ७५० लक्सचा पट्टा देतं, मध्ये ५००. आपलं ऑफिस आधीही नापास, नंतरही नापास. आणि गंमत बघा: ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीत ऑफिसला दर चौरस मीटर ९.५ वॉटची मर्यादा आहे, सर्वांत कडक श्रेणीत ५. आपलं ४.८. ही संहिता मुख्यतः मोठ्या नव्या इमारतींसाठी आहे, पण तिची फूटपट्टी लावली तर हे अपुऱ्या उजेडाचं ऑफिस वॉटच्या बाबतीत सर्वांत वरच्या वर्गात बसतं. ३०० लक्स द्यायचे तर ३२ दिवे लागतील, ६४० वॉट, म्हणजे ६.४. पट्टा पाळून केलेली बचत कागदावर "कमी" दिसेल, आणि तीच प्रामाणिक असेल.

लक्स मोजायला रात्री जा, पडदे कितीही जाड असले तरी. ट्यूब लावून अर्धा तास थांबा, टेबलाच्या उंचीवर जाळी आखून मोजा, मीटरवर स्वतःची सावली पडू देऊ नका. चावी कुणाकडे असते ते आधीच विचारून ठेवा. मी दोनदा बंद शटरसमोरून परत आलोय. माझं पुढचं काम पडद्यांवर आहे: खिडकीवर आडवी पट्टी लावून ऊन अडवलं आणि उजेड छताकडे वळवला, तर त्या दुपारच्या ट्यूब लावायच्याच लागतील का. आधाररेषेचे लॉगर मागच्या सोमवारी बसवले. या वेळी चिठ्ठ्या टाकून.