भाग २३ : आधी मॅनिफोल्ड, मग कार्ब्युरेटर

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना माझं 'म्हणजे... म्हणजे' फार होतं, तेवढं कमी केलंय. बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

तर आजचा विषय : जुन्या स्पोर्ट्स कारसाठी कार्ब्युरेटर आणि इनटेक मॅनिफोल्ड कसं निवडायचं. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस, मेकॅनिक नाही. पण या एका प्रश्नावर मी पैसे घालवलेत, दोन उन्हाळे घालवलेत आणि एकदा बाबांना घाबरवलंय. म्हणून बोलण्याचा थोडा हक्क आहे असं समजतो.

माझी गाडी १९७७ची एमजीबी. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात बनलेली ही दोन सीटांची गाडी. पाच लाखांहून जास्त बनल्या आणि त्यातल्या खूपशा इथे अमेरिकेत आल्या. इंजिन १७९८ सीसी, बीएमसीच्या 'बी सिरीज' घराण्यातलं. हे घराणं आपल्याला परकं नाही बरं का! आपल्या ॲम्बॅसॅडरमध्ये जे जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ते याचंच भावंड. आजोबांकडे ॲम्बॅसॅडर होती, बाबा तीच चालवायला शिकले. त्यामुळे ते मिशिगनला आले तेव्हा बॉनेट उघडून पहिलं वाक्य काय, तर "अरे, हे तर ओळखीचं दिसतंय!"

आता चूक सांगतो. १९७५पासून अमेरिकेत आलेल्या एमजीबीला धुराच्या नियमांमुळे दोनऐवजी एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर होता. माझा थकलेला होता. मला हवा होता वेबर ४५ डीसीओई. का? आवाजासाठी! व्हिडिओत ऐकला होता, बस्स. एकाच्या दोन लिटरच्या इंजिनवरून उतरवलेला वापरलेला वेबर घेतला, त्याला बसेल असं मॅनिफोल्ड घेतलं आणि आतले जेट न बदलता लावून टाकला.

साडेचार हजार आरपीएमच्या वर गाडी भन्नाट ओढायची. पण माणूस दिवसभर साडेचार हजारावर गाडी चालवत नाही ना! बाबांना घेऊन निघालो, सिग्नलला डावीकडे वळायचं होतं. समोरची रांग संपली, ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन 'भक्क' करून खोकलं आणि चौकाच्या मधोमध बंद. समोरून पिकअप ट्रक हॉर्न वाजवत आला आणि जेमतेम थांबला. बाबांनी दाराचं हँडल घट्ट धरलेलं. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढंच विचारलं, "तो मोठा कार्ब्युरेटर इंजिनाला लागत होता की तुला?"

म्हणून मग मी अभ्यासाला बसलो. आधी बसायला हवं होतं.

इंजिनाचं तोंड कसं आहे?

सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा हा. बी सिरीजच्या हेडला चार सिलिंडरसाठी हवा आत जायची दारं फक्त दोन. पहिला-दुसरा सिलिंडर एका दारातून पितात, तिसरा-चौथा दुसऱ्या. याला सायमीज पोर्ट म्हणतात, जोडलेलं पोर्ट. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे ३ आणि ४ लागोपाठ घोट घेतात, मग २ आणि १ लागोपाठ. प्रत्येक दारावर दोन घोट एकापाठोपाठ, आणि नंतर बराच वेळ शांतता. दोन शेजारी एकाच नळावर हंडे घेऊन एकदमच आले, तर एकाचं पाणी दुसरा पळवणारच. तसंच इथे होतं.

वेबर डीसीओईचा खरा फायदा दिसतो प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा गळा असेल तेव्हा. अल्फा रोमिओच्या ट्विन कॅम इंजिनवर चार सिलिंडर, दोन वेबर, चार गळे. सरळ हिशोब. एमजीबीवर एका वेबरचे दोन गळे दोन जोड-दारांना जोडले जातात. चालतं, रेसिंगवाले वापरतातही, पण 'एकाला एक' ही मजा उरत नाही.

आता माझी गाडी खोकली का? वेबरचा गळा ठरलेल्या मापाचा असतो. माझ्याकडच्यात ३६ मिमी. आरपीएम कमी असताना एवढ्या रुंद गळ्यातून हवा सावकाश जाते आणि सावकाश हवा पेट्रोल नीट ओढत नाही. ती उणीव पंप जेट आणि आयडल जेटने भरून काढायची असते. माझे जेट दुसऱ्याच इंजिनचे.

एसयूचं तत्त्व वेगळं. त्यात एक पिस्टन वर-खाली होतो. इंजिन जेवढं ओढेल तेवढाच तो उचलला जातो, म्हणजे गळा आपोआप लहान-मोठा होतो आणि हवेचा वेग टिकतो. पिस्टनला लावलेली निमुळती सुई त्याच वेळी पेट्रोलची वाट कमी-जास्त करते. रस्त्यावरच्या गाडीला याहून समजूतदार गोष्ट नाही.

हिशोब करून बघा

चार स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत आपल्या मापाएवढी हवा घेतं. १.८ लिटरचं निम्मं ०.९, गुणिले ५५०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला साधारण ४९५० लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, म्हणून ८५ टक्के धरू : ४२०० लिटर, म्हणजे १४८ सीएफएमच्या आसपास. ही सरासरी आहे, हवा घोटाघोटाने जाते, म्हणून थोडी मोकळीक लागते. दीड इंची दोन एसयू एवढी हवा आरामात देतात. बीएमसीने १९६२मध्ये त्याच दोन एसयूंवर ९५ हॉर्सपॉवर काढली होती.

पण नुसते कार्ब्युरेटर बदलून माझी गाडी ९५वर जाणार नाही. अमेरिकन गाड्यांचं कॉम्प्रेशनही ८.८ वरून ८ वर आणलं होतं. कोडमध्ये आपण आधी प्रोफायलर लावतो, कुठे अडतंय ते बघतो. इथेही तेच : आधी कॉम्प्रेशन तपासा, व्हॉल्व्हचा गॅप, मग टायमिंग. कार्ब्युरेटर सगळ्यांत शेवटी.

मॅनिफोल्ड म्हणजे नुसता पाइप नव्हे

ऑर्डर देण्याआधी हे चार प्रश्न विचाराच.

एक, एक्झॉस्टचं काय? या इंजिनात हवा आत जायचं आणि धूर बाहेर यायचं तोंड एकाच बाजूला आहे. १९७५ नंतरच्या स्ट्रॉमबर्गवाल्या गाड्यांत इनटेक आणि एक्झॉस्ट मिळून एकच ओतीव तुकडा असतो. म्हणजे एसयू लावायचे तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डही वेगळं घ्यावं लागतं, पुढचा पाइपही. हा खर्च कोणी आधी सांगत नाही.

दोन, फ्लँजची जाडी. दोन्ही मॅनिफोल्ड त्याच स्टडवर, एकाच जाड वॉशरखाली दाबली जातात. एकाची फ्लँज पातळ असली की तिथून हवा गळते आणि मग तुम्ही उगाच मिश्रण बदलत बसता.

तीन, ब्रेक बूस्टरची नळी. व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधूनच येतं. तिथे जोडायला तोटी नसेल, तर ब्रेक दगडासारखे होतील.

चार, जागा. स्टिअरिंग डावीकडे असलेल्या गाडीत ब्रेकचा बूस्टरही कार्ब्युरेटरच्याच बाजूला असतो. वेबर लांबलचक. फिल्टर बसतो का, ते आधी टेप लावून मोजा.

तिसरा पर्याय बरेच जण विचारतात : वरून खाली श्वास घेणारा वेबर ३२/३६. एकच कार्ब्युरेटर, जुळवणी सोपी. पण मिश्रणाला मॅनिफोल्डमध्ये काटकोनात वळावं लागतं आणि थंडीत पेट्रोल भिंतींना चिकटतं. मिशिगनच्या थंडीत मला ते नको होतं.

आणि कायदा! मिशिगनमध्ये धूर तपासणी नाही, म्हणून माझं निभावलं. कॅलिफोर्नियात १९७६ आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना ती लागते. तिथल्या मंडळींनी आधी नियम वाचा.

शेवटी काय केलं?

वेबर विकला. जुने दोन एसयू एचआयएफ४ घेतले, त्यांच्याच मॅनिफोल्डसकट, आणि १९७५ आधीचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. झिजलेल्या थ्रॉटल शाफ्टचे बुश बदलले. उष्णता अडवणारा पत्रा आणि स्पेसर विसरलो नाही. खाली तापलेलं एक्झॉस्ट असताना पत्रा नसेल, तर पेट्रोल कार्ब्युरेटरमध्येच उकळायला लागतं.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा परत आले. दोन्ही कार्ब्युरेटरची हवा सारखी करायची होती. रबरी नळीचं एक टोक बाबांच्या कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. "याचा आवाज जास्त येतोय... आता सारखा झाला." मग पिस्टन एकेक मिलीमीटर उचलून बघितला. आरपीएम वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बसायला लागलं तर कमी. किंचित वाढून जागेवर आला की जमलं.

नंतर आम्ही लेक ह्युरॉनपर्यंत गेलो. वाटेत तोच सिग्नल, तेच डावं वळण. गाडी अशी निघाली, जणू काही झालंच नव्हतं. बाबांचे हात मांडीवर होते. वेबरचा तो आवाज मला अजून आठवतो, खोटं कशाला बोलू? वरच्या आरपीएमला त्याची ओढही जास्त होती. पण ती गाडी मी एकट्यानेच चालवली असती.

तर मंडळी, आधी हेडची दारं मोजा, मग मॅनिफोल्ड ठरवा, कार्ब्युरेटर त्याच्या मागून येईल. पुढच्या भागात इग्निशन : पॉइंट ठेवायचे की इलेक्ट्रॉनिक करायचं. तोवर काळजी घ्या, आणि चोक आत ढकलायला विसरू नका!