गॅस्ट्रिक बायपासनंतरची शस्त्रक्रियाजन्य गुंतागुंत : निदान व व्यवस्थापन

प्रस्तावना :

आहारनियमन, व्यायाम व औषधे यांना पुरेसे यश न आल्यास तीव्र लठ्ठपणावर शस्त्रक्रियेचा मार्ग अवलंबिला जातो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन व चिकाशी इटो यांनी १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया प्रथम केली. १९९० च्या दशकापासून ती दुर्बिणीद्वारे होऊ लागली व तिचा प्रसार झाला. परिणामी अशी शस्त्रक्रिया झालेला रुग्ण पोटदुखीची तक्रार घेऊन, कित्येक वर्षांनंतर, कोणत्याही सामान्य रुग्णालयात येऊ शकतो. तेथील डॉक्टरांना बदललेली शरीररचना ठाऊक नसेल तर मौल्यवान तास वाया जातात. प्रस्तुत लेखात या गुंतागुंतीचे निदान व उपचार यांचा विचार केला आहे.

बदललेली रचना :

जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटर क्षमतेची पिशवी वेगळी करून तिला लहान आतड्याचा खालचा भाग जोडला जातो. उरलेले जठर काढून टाकले जात नाही. त्यातील पाचकरस व पित्त खाली दुसऱ्या जोडाशी अन्नाला मिळतात. हे दोन जोड आणि आतडे हलविल्यामुळे निर्माण झालेल्या फटी यांतूनच बहुतेक गुंतागुंत उद्भवते.

जोडातील गळती :

पहिल्या काही दिवसांत सर्वांत भीती असते ती गळतीची. स्थूल रुग्णाच्या पोटाचा ताठरपणा हाताला जाणवत नाही, त्यामुळे नाडीकडे लक्ष द्यावे लागते. नाडी मिनिटाला १२० च्या वर टिकून राहणे, धाप लागणे, अकारण अस्वस्थता ही लक्षणे गंभीर मानावीत. फुप्फुसातील रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यासही चित्र असेच दिसते, म्हणून दोन्ही शक्यता तपासाव्यात. सीटी स्कॅन निर्दोष आला म्हणून गळती नाही असे ठरत नाही. संशय कायम असल्यास दुर्बिणीने पोट पाहणे हेच श्रेयस्कर. छिद्र शिवणे, पोट धुणे, निचऱ्याची नळी ठेवणे, प्रतिजैविके देणे आणि मागे राहिलेल्या जठरात नळी घालून पोषण सुरू ठेवणे हे उपचाराचे मुख्य भाग होत. रुग्ण स्थिर असून गळती मर्यादित असेल तर निचरा व अंतःदर्शकाद्वारे बसविलेला स्टेंट पुरेसा ठरू शकतो.

रक्तस्राव बहुधा रक्त देऊन व रक्त पातळ करणारी औषधे थांबवून आटोक्यात येतो. मात्र मागे राहिलेल्या जठरात तो झाल्यास नेहमीचा अंतःदर्शक तेथे पोहोचत नाही.

अंतर्गत हर्निया :

ही उशिरा होणारी आणि अधिक फसवी गुंतागुंत आहे. वजन घटले की आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातील चरबीही कमी होते, फटी रुंदावतात व त्यांत आतडे शिरते. म्हणजे शस्त्रक्रियेचे यशच येथे धोक्याचे कारण ठरते! जेवणानंतर पोटात येणारी-जाणारी कळ एवढेच लक्षण असू शकते. रक्ततपासणी निर्दोष असते. पित्त वाहणारे आतडे अडकल्यास उलटीही होत नाही, कारण त्या मार्गाने अन्न जातच नाही. नाकातून नळी घालून वाट पाहणे हा आतड्याच्या अडथळ्यावरील नेहमीचा उपाय अशा वेळी निरुपयोगी ठरतो, कारण ती नळी फुगलेल्या जठरापर्यंत पोहोचत नाही. गर्भवतीच्या बाबतीत हेच दुखणे गरोदरपणाचे समजले जाते व आई आणि बाळ दोघांचेही प्राण संकटात येतात.

स्कॅनमध्ये रक्तवाहिन्यांना पडलेला पीळ दिसल्यास निदान बळावते. शस्त्रक्रियेत लहान व मोठ्या आतड्याच्या संधीपासून उलट दिशेने आतडे तपासत जावे, ते सोडवावे व फट न विरघळणाऱ्या धाग्याने शिवावी. या फटी पहिल्याच शस्त्रक्रियेत शिवाव्यात का, हा प्रश्न बराच काळ वादाचा होता. स्वीडनमध्ये २,५०७ रुग्णांवर झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक अभ्यासात, आतड्याच्या अडथळ्यासाठी तीन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण फटी न शिवलेल्या गटात १०.२ टक्के, तर शिवलेल्या गटात ५.५ टक्के आढळले. शिवलेल्या गटात पहिल्या महिन्यातील गंभीर गुंतागुंत मात्र किंचित अधिक होती. खालच्या जोडाला मुरड पडणे हे त्याचे एक कारण.

व्रण व अरुंदपणा :

धूम्रपान व वेदनाशामक गोळ्या यांमुळे वरच्या जोडाशी व्रण होतो; तो आम्लरोधक औषधांनी भरतो, पण फुटल्यास तातडीने शिवावा लागतो. अरुंद झालेला जोड फुग्याने रुंद करता येतो. सतत उलट्या होणाऱ्या रुग्णास ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यावे. अन्यथा मेंदूला कायमची इजा होऊ शकते.