विडी सोडणाऱ्यास घरचा आधार

उन्हाळा आला कीं साकोलीच्या आसमंतांतील रानांत तेंदूच्या पानांची तोडणी सुरू होते. त्या पानांची विडी वळून भंडारा-गोंदिया भागांतील कित्येक कुटुंबांनीं पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलें आहे. जेथें विडी घरोघरीं वळली जाते, तेथें ती ओढण्याचें कोणास नवल वाटत नाहीं. एकटा पडतो तो ती सोडूं पाहणारा.

मनाचा निर्धार असला म्हणजे व्यसन सुटतें, असा समज आपल्या सुशिक्षित घरांतूनही रूढ आहे. आम्हांस तो अपुरा वाटतो. तंबाखूंतील निकोटीनाची शरीरास संवय जडते. तें थांबतांच चिडचिड, बेचैनी, निद्रानाश हीं लक्षणें उद्भवतात. पहिल्या आठवड्यांत तीं तीव्र असतात व पुढें तीन-चार आठवड्यांत बहुधा ओसरतात. अशा वेळीं तापट झालेल्या माणसास टोमणे मारणें म्हणजे ज्वर आलेल्यास थरथरूं नको म्हणून दटावणें होय.

या व्याधीस उपचारही आहेत. १८००-११२-३५६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. २०१६ सालीं दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती-रोग संस्थेंत ही सेवा सुरू झाली व पुढें मुंबईचें टाटा रुग्णालयही तींत सामील झालें. सल्लागार विडी सोडण्याचा दिवस ठरवून देतात व नंतर स्वतः फोन करून विचारपूस करतात. डॉक्टरांच्या सल्ल्यानें निकोटीनाचा डिंक किंवा पट्टी घेतां येते. हा डिंक मात्र पानाच्या विड्यासारखा सतत चघळावयाचा नसतो. थोडा चावून, जीभ चुणचुणूं लागली कीं गालांत धरून ठेवावयाचा असतो. कांहींना डॉक्टर गोळ्याही देतात.

उरलेलें काम घरच्यांचें. विड्यांचें बंडल व काड्यापेटी दृष्टीआड करावी. मुलांस विडी आणण्यास धाडूं नये. अठरा वर्षांखालील मुलास ती विकणें कायद्यानें गुन्हाच आहे. तल्लफ कांहीं मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ घोटभर पाणी, चिमूटभर बडीशेप किंवा अंगणांतील चार फेऱ्या पुरतात. जेवणानंतर विडीची आठवण हटकून होते. तेव्हां कोणीतरी बोलावयास जवळ बसावें.

आणि एखादे दिवशीं पुन्हां विडी ओढली गेलीच, तर "बघितलें, सुटलीच नाहीं!" असें म्हणूं नये. अनेकांची विडी दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नांतच सुटते. ज्या घरांत आजोबांस ही कबुली न भितां देतां येते, त्या घरांत पुढचा प्रयत्न दुसऱ्या दिवशींच सुरू होतो.