दुधाळ्याचे यंत्र उभे राहण्याआधी

हिंगोली जिल्ह्यात संगणकाचे वेड लागलेल्या मुलामुलींची वाट बहुतेक ठरलेली असते. पदवी किंवा एखादा कोर्स, आणि मग पुण्याची गाडी. वेबसाइट बांधायची, ॲप रचायचे, स्टार्टअप काढायचा तर हिंजवडी-बाणेर गाठायलाच हवे, असा समज घट्ट बसला आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा वसमतची हळद, औंढ्याचा नागनाथ आणि नर्सीचे नामदेव यांच्यामुळे महाराष्ट्राला माहीत. आता त्यात लिगोची भर पडली. पण लिगोची चर्चा जमीन, रस्ते आणि नोकऱ्या यांच्यापुढे फारशी जात नाही. या प्रकल्पाची एक मोठी बाजू वेबवर आहे, ती आजच खुली आहे आणि तिच्यासाठी गाव सोडावे लागत नाही.

औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा शिवारात लिगो ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. केंद्राने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तिला तत्त्वतः मान्यता दिली, ६ एप्रिल २०२३ रोजी २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर झाला आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. काटकोनातल्या दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. त्यांतून धावणारा लेसर प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा फरकही टिपतो. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे अशी यंत्रे चालू आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांनी पहिली लहर पकडली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळल्याने ती उठली होती.

११ फेब्रुवारी २०१६ रोजी हा शोध जाहीर झाला, तेव्हा त्याच्यासोबत मूळ नोंदीही लोकांसाठी खुल्या झाल्या. नुसते आकडे नव्हेत. पायथॉन भाषेतली, पायरीपायरीने समजावणारी नोटबुकही बरोबर होती. सेकंदाला ४,०९६ नोंदी या हिशेबाने ३२ सेकंदांचे १,३१,०७२ आकडे होतात. ही फाइल साधारण एक एमबीची, लग्नातल्या एका फोटोहूनही लहान. ब्राउझरमध्येच चालणाऱ्या फुकट सेवेवर ती उघडता येते. गोंगाट गाळला की जेमतेम ०.२ सेकंदाची ती लहर आलेखात वर चढत जाताना दिसते. गोंगाटातून अशी लहर वेगळी काढण्यासाठी अपेक्षित आकाराच्या साच्याशी नोंदी जुळवून पाहतात. या पद्धतीच्या पायाभूत कामात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा १९९१ चा शोधनिबंध येतो. महाराष्ट्रात झालेले हे गणित आज कोणीही आपल्या पडद्यावर चालवून पाहू शकतो.

खुलेपणाची ही सवय भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांना जुनी आहे. वेब जन्मला तोच अशा एका ठिकाणी. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये आपला प्रस्ताव मांडला आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोकळे केले. त्या निर्णयाशिवाय आजचा एकही वेब डेव्हलपर या धंद्यात नसता.

लिगोच्या नोंदींमध्ये लहरींपेक्षा अडथळेच फार. भूकंप, जाणाऱ्या गाड्या, भरकटलेला प्रकाश, सगळ्यांचे ठसे उमटतात. हॅनफर्डला काही विचित्र ठसे दिसत होते. शोध घेतला तेव्हा कळले, की तहानलेले डोमकावळे थंड नळ्यांवर साचलेला बर्फ टोचत होते. असे ठसे ओळखायला माणसाचा डोळा लागतो. म्हणून २०१६ मध्ये झूनिव्हर्स या संकेतस्थळावर ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ सुरू झाले. पडद्यावर चित्र येते, ते कोणत्या प्रकारचे ते सांगायचे, पुढचे चित्र घ्यायचे. या निवडींवरून संगणकही शिकत जातो. शास्त्रज्ञांच्या यादीत नसलेले ‘पेअर्ड डव्ह्ज’ आणि ‘हेलिक्स’ हे दोन प्रकार स्वयंसेवकांनीच शोधले. याला छंद म्हणून बाजूला सारणे चूक ठरेल. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या नोंदी वापरून २०१३ पासून चाललेला ‘रॅड ॲट होम’ हा उपक्रम हेच सांगतो: नीट शिकवले, तर संशोधनाच्या वर्तुळाबाहेरची माणसे आकाशगंगांच्या अभ्यासात खरी भर घालतात.

अडचण आहे ती भाषेची आणि मांडणीची. नोटबुक इंग्रजीत, सूचना इंग्रजीत. दहावीच्या हुशार मुलीला आलेख कळेल, पण त्याखालच्या चार ओळींपाशी ती अडेल. हिंगोलीतल्या वेबवाल्यांसाठी खरे काम इथे आहे, आणि साहित्य हाताशी आहे. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा देवनागरी फाँट खुल्या परवान्यावर फुकट मिळतो, झूनिव्हर्सवरच्या प्रकल्पांचे भाषांतर करण्याची सोयही आहे. पण भाषांतर करून भागत नाही. मराठी ओळ मोबाइलच्या पडद्यावर कुठे तुटते, आलेखातल्या अक्षांना काय म्हणायचे, सिग्नल गेला तर पान कितपत उघडे राहते, हे ठरवणे डिझायनरचे काम आहे.

अशा कामाला पुणेच हवे हा हट्ट मराठवाड्याने एकदा मोडलेला आहे. पुण्यात इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉय असलेले दादासाहेब भगत बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले. साथीच्या काळात गावी परतून, मोबाइलचे नेटवर्क चांगले मिळणाऱ्या टेकडीवरच्या गोठ्यात त्यांनी ‘डूग्राफिक्स’ हे डिझाइनचे सॉफ्टवेअर उभे केले. २०२४ मध्ये ‘शार्क टँक इंडिया’त अमन गुप्ता यांनी दहा टक्के हिश्श्यासाठी एक कोटी रुपये देऊ केले. भगत यांचे उदाहरण सगळ्यांच्या वाट्याला येणार नाही, त्यात जिद्दीइतकाच काळाचाही हात होता. तरी टेम्पलेट, रंग आणि अक्षरांचा धंदा गोठ्यातून चालतो, एवढे तरी सिद्ध झाले.

हिंगोलीला आणखी एक गोष्ट आहे, जी हॅनफर्डला नाही: इथल्या जमिनीची ओळख. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून येणारे गूढ आवाज लोकांना वर्षानुवर्षे परिचित आहेत. दुधाळ्याच्या यंत्राला हे हादरे जाणवतील, तसेच हंगामात बाजाराकडे निघालेल्या हळदीच्या ट्रकांचेही. यंत्र चालू झाल्यावर नोंदींतले असे ठसे कोणीतरी ओळखून, नाव देऊन वेगळे काढणार आहे. कोणत्या दिवशी कुठे यात्रा होती, कोणत्या रात्री पाऊस कोसळला, कोणत्या गावाने आवाज ऐकला, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ते काम करावे. त्यासाठी लागणारे पायथॉन शिकायला अजून काही वर्षे हाताशी आहेत.