वचन एकटं वाचू नये

द्राक्षमळ्याचा एक मालक भल्या पहाटे मजूर शोधायला बाजारचौकात जातो. दिवसाला एक दिनार ठरवून माणसं मळ्यात धाडतो. नऊ वाजता, बाराला आणि तीनला पुन्हा फेरी मारतो. संध्याकाळी पाचलाही काही जण तिथे रिकामे उभे दिसतात, तर त्यांनाही कामाला लावतो. दिवस मावळल्यावर कारभाऱ्याला सांगतो, शेवटी आलेल्यांपासून हजेरी वाट. तासभर काम केलेल्याच्या हातावर एक दिनार पडतो आणि दिवसभर उन्हात राबलेल्याच्या हातावरही एकच.

येशूने सांगितलेला हा दाखला मत्तयाच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायाच्या सुरुवातीला आहे. तासगाव-पलूसच्या कुठल्याही द्राक्षबागेत तो सांगून पाहा. ‘मग उद्या सकाळी सातला कामावर येणार कोण?’ हा प्रश्न हमखास निघेल. प्रश्न रास्त आहे. दाखल्यातले पहाटेचे मजूरही कुरकुरतातच. पण एवढ्यावर थांबून कोणी म्हणेल, बायबलला कष्टाची किंमत नाही. दुसरा एखादा बागायतदार म्हणेल, पैसा मालकाचा, तो हवा तसा देईल, असं देवाच्या पुस्तकातच लिहिलंय. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत आणि ते का चुकतात हे कळलं, की बायबल कसं वाचावं याचा बराचसा धडा पदरात पडतो.

अध्यायाची भिंत ओलांडा

बायबलमधले अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली असून ती स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मगुरूच्या नावावर आहे. नव्या कराराच्या वचनांना आकडे दिले रोबेर एतिएन या फ्रेंच मुद्रकाने, 1551 मध्ये. संदर्भ शोधायला ही सोय फार उत्तम. पण कधी कधी चालू बोलणं मधूनच तुटतं. इथे तसंच झालं आहे.

एकोणिसाव्या अध्यायाच्या शेवटी एक श्रीमंत तरुण संपत्ती सोडवत नाही म्हणून खिन्न होऊन निघून जातो. ते पाहून शिष्य पेत्र येशूला विचारतो, आम्ही तर सगळं सोडून तुमच्यामागे आलो, आम्हाला काय मिळणार? मळ्याचा दाखला हा त्या प्रश्नाच्या उत्तराचा भाग आहे. पहिले शेवटचे होतील हे सूत्र दाखल्याच्या आधी येतं आणि दाखला संपताना पुन्हा येतं. आणखी थोडं पुढे वाचा. येशूचे शिष्य असलेल्या जब्दीच्या दोन मुलांची आई येते आणि मुलांसाठी येशूच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागते. म्हणजे मागे हिशेब विचारणारा शिष्य, पुढे मानाच्या जागा मागणारं कुटुंब आणि मधोमध हा दाखला. रोख मजुरीच्या दरावर नाही. आधी आलो म्हणून देवाकडे जादा हक्क सांगणाऱ्यांना तो सुनावलेला आहे.

मालकाच्या मनमानीला तो आधार देतो का, हे बायबलच्याच इतर भागांवर ताडून पाहावं. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी चुकती करण्याची आज्ञा आहे. याकोबाच्या पत्रात तर शेतमजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी मालकाविरुद्ध ओरडते आहे. एका उताऱ्यावरून दुसऱ्याला तोंडघशी पाडणारा अर्थ निघाला, तर आपलं वाचन पुन्हा तपासायला हवं.

मळा त्यांचा, मळा आपला

सांगली जिल्ह्यातल्या वाचकाला इथे शहरी वाचकापेक्षा एक गोष्ट सोपी आहे. योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू स्वतःला वेल म्हणतो, पित्याला माळी म्हणतो. फळ देणाऱ्या फांदीचीही छाटणी होते असं सांगतो. ज्याने एप्रिलची खरड छाटणी पाहिली आहे, त्याला याचा खुलासा लागत नाही. हिरवीगार बाग बोडकी केली जाते तेव्हा नवख्याला वाटतं, सत्यानाश झाला. शेतकऱ्याला ठाऊक असतं की पुढच्या घडांची तयारी तिथूनच सुरू होते.

मात्र हीच ओळख कधी फसवते. आपल्याकडे वर्षात दोन छाटण्या, खरड आणि ऑक्टोबरची, आणि माल निघतो तो साधारण जानेवारीपासून. पॅलेस्टाइनमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो, थंडीत वेल झोपी जातो आणि द्राक्षं उन्हाळा सरता सरता पिकतात. शिवाय ज्यू श्रोत्याच्या कानाला ‘द्राक्षमळा’ म्हटलं की यशया संदेष्ट्याच्या पाचव्या अध्यायातला मळा आठवे. तिथे मळा म्हणजे देवाची प्रजा. आपल्या बागेत ही आठवण नाही. ती त्यांच्याकडून मागून घ्यावी लागते. म्हणून क्रम पाळावा. आधी हे त्यांना काय सांगत होतं ते पाहायचं, मग आपल्याला काय सांगतं ते.

कागद कोणता आहे ते पाहा

बायबल हे एक पुस्तक दिसतं, पण तो ग्रंथसंग्रह आहे. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये जुन्या कराराची 39 आणि नव्या कराराची 27 मिळून 66 पुस्तकं, कॅथलिक बायबलमध्ये 73. भाषा तीन: हिब्रू, थोडी अरामी आणि ग्रीक. त्यात कायदे आहेत, वंशावळ्या आहेत, राजांचा इतिहास आहे, 150 स्तोत्रं आहेत, म्हणी आहेत, पत्रं आहेत आणि प्रकटीकरणासारखं प्रतिमांनी भरलेलं दर्शनही आहे. सातबारा आणि अभंग आपण एकाच नजरेने वाचत नाही. इथेही तेच पथ्य. स्तोत्रात पर्वत उड्या मारतात, तो भूगोल नव्हे. पौलाची पत्रं विशिष्ट गावांतल्या विशिष्ट भांडणांवर लिहिलेली आहेत आणि आपल्या हाती बहुधा एकच बाजू आहे. ती पत्रं मंडळीत मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी होती. म्हणून एक पत्र एका बैठकीत, मोठ्याने वाचून पाहा. सुटी वचनं वाचताना न दिसलेला युक्तिवाद दिसू लागतो.

सुट्या वचनाचं ठळक उदाहरण यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायात आहे. देवाच्या मनात तुमच्या भल्याच्या योजना आहेत, या आशयाचं त्यातलं अकरावं वचन भेटकार्डांवर आणि दिनदर्शिकांवर हमखास दिसतं. परीक्षा, नोकरी, लग्न, सगळीकडे ते चालतं. आता आजूबाजूला पाहा. हे वचन बाबेलला धरून नेलेल्या ज्यू लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतो, दोन वर्षांत सगळं परत मिळेल. यिर्मया लिहितो, सत्तर वर्षं लागतील. तोवर तिथेच घरं बांधा, बागा लावून त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. कोयना धरणात गाव गेल्यावर दुसऱ्या जिल्ह्यात नव्याने चूल मांडलेल्या सातारकर घरांना या पत्राचं वजन चटकन कळेल. वचनातलं आश्वासन खरंच आहे, पण ते लवकर सुटकेचं नाही. बहुतेकांच्या हयातीत न संपणाऱ्या वाट पाहण्याचं ते बळ आहे.

सातारा-वाईचे वाचक

या भागाला चिकित्सक वाचन नवं नाही. महात्मा फुल्यांचं घराणं मूळचं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. 1891 मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी असं कुटुंब कल्पिलं आहे, जिथे वेगवेगळे जण बौद्ध ग्रंथ, बायबल आणि कुराण वाचून आपापला धर्म स्वीकारतात आणि तरीही एकमेकांशी प्रेमाने राहतात. वाचनाचं स्वातंत्र्य आणि घरातला सलोखा त्यांनी एका दमात मागितला.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हाती 1893 मध्ये आगगाडीच्या प्रवासात नवा करार पडला. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तुकोबा त्यांनी सोडले नाहीत. संतांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते मानत. 1917 मध्ये त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आणि न घेतलेल्यांसाठीही त्याचं दार उघडं होतं. त्याच वर्षी तिथून जवळच वाईला तरुण विनोबा भावे नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे उपनिषदं आणि शांकरभाष्य शिकत होते. याच विनोबांनी पुढे ‘ख्रिस्तधर्मसार’ हे नव्या करारातलं निवडक संकलन केलं. सार काढायलाही आधी सगळं वाचावं लागतं, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अखंड बायबल मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते प्रसिद्ध झालं. अलीकडचं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ 2010 चं. दोन मराठी भाषांतरं शेजारी ठेवून वाचा. जिथे ती वेगळी बोलतात तिथे थांबायला हवं, एवढं तरी नक्की कळतं.

सुरुवात कुठून करावी

‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकापासून सरळ वाचत जाणारे बरेच जण ‘लेवीय’ या पुस्तकाच्या नियमांत अडकतात. त्यापेक्षा मार्कचं शुभवर्तमान घ्यावं. अध्याय सोळाच, एका दुपारी संपतात. मग लूक आणि त्याच लेखकाची प्रेषितांची कृत्ये. जुन्या करारातून रूथ, चार अध्यायांची, सुगीच्या दिवसांतली गोष्ट. वहीत प्रत्येक उताऱ्याखाली चार ओळी लिहाव्यात: कोण बोलतंय, कोणाला, कोणत्या प्रसंगी, आणि मागे-पुढे काय आहे. पाचवी ओळ, ‘माझ्यासाठी काय’, ही शेवटी. जमलं तर चार-पाच जणांनी मिळून वाचावं आणि त्यात एखादा वेगळ्या श्रद्धेचा माणूस असू द्यावा, कारण सवयीमुळे आपल्याला न सुचणारे प्रश्न तोच विचारतो.

श्रद्धेने वाचणारा आणि कुतूहलाने वाचणारा यांच्या वाटा पुढे वेगळ्या होतील. या चार ओळी मात्र दोघांनाही चुकत नाहीत. यापुढे कोणी एखादं वचन तुमच्यापुढे ठेवलं, मग ते व्यासपीठावरून असो वा मोबाइलवरून, तर होकार-नकार देण्याआधी तो अख्खा अध्याय वाचा, आणि शक्य तर त्याच्या आधीचाही.