काळे डाग आणि उटणे
मैत्रिणींनो, मानेवर, कोपरांवर काळे डाग दिसले की आपण वजरी नाहीतर नायलॉनची घासणी हाती घेतो. पण त्वचा जितकी घासावी तितकी ती अधिकच काळवंडते! वजरी टाचांपुरतीच असू द्या. अक्रोडाच्या टरफलांचा खरखरीत स्क्रबही नको. मसूर डाळीचे वस्त्रगाळ पीठ दुधात कालवून आठवड्यातून एकदा हलक्या हाताने लावावे. डाग सावकाशच फिके होतात. लिंबू लावून उन्हात जाऊ नये. दुकानातून परस्पर स्टेरॉइडचे मलमही आणू नये.

मानेवरची काळी, जाडसर, मखमली त्वचा मात्र मळ नव्हे. ती पुष्कळदा मधुमेहाची पूर्वसूचना असते. तिथे उटणे पुरे! निगडीकर भगिनींनी पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात जाऊन रक्तातली साखर तपासून घ्यावी.