परसातील आजारी कोंबडी आणि पशुखाद्याचे नियम

ग्रामीण कुटुंबाच्या मालमत्तेची यादी केली तर परसातील कोंबडीचे नाव त्यात बहुधा शेवटी येते. परंतु अडीनडीला सर्वप्रथम विकली जाते ती कोंबडीच. मुलांच्या वह्या, दवाखान्याचा खर्च, पाहुण्यांचा पाहुणचार अशा लहानसहान गरजा भागविणारी ही बचत प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती असते. 2019 च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील कुक्कुटपक्ष्यांची संख्या सुमारे 85.18 कोटी होती. त्यांपैकी सुमारे 31.7 कोटी पक्षी परसातील होते. 2012 च्या तुलनेत परसातील पक्ष्यांची संख्या सुमारे 46 टक्क्यांनी वाढली, तर व्यापारी कुक्कुटपालनातील वाढ सुमारे 4.5 टक्के होती. अशा परिस्थितीत परसातील एखादी कोंबडी आजारी पडल्यास तिला काय खाऊ घालावे, हा प्रश्न वरकरणी घरगुती वाटला तरी सार्वजनिक आरोग्य, अन्नसुरक्षा आणि ग्रामीण उपजीविका या तिन्ही विषयांशी त्याचा निकटचा संबंध आहे.

खाद्यावर नियम कशासाठी?

कोंबडीचे खाद्य हा तिच्या मालकाचा खाजगी निर्णय असतो; त्या निर्णयाचे परिणाम मात्र खाजगी राहत नाहीत. खाद्यातील विषारी घटक वा औषधाचे अंश अंड्यामांसातून ग्राहकाच्या शरीरात जातात, तर खाद्यातून पसरलेला रोग शेजारच्या खुराड्यात पोहोचतो. अर्थशास्त्रात अशा परिणामांना ‘बाह्य परिणाम’ म्हणतात. त्यांची किंमत निर्णय घेणाऱ्याला मोजावी लागत नसल्याने बाजारव्यवस्था ते आपोआप रोखू शकत नाही. शासकीय नियमनाचे समर्थन येथूनच सुरू होते.

या नियमांमागे कटू अनुभवांचा इतिहास आहे. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने दगावले. ब्राझीलमधून आयात केलेल्या भुईमुगाच्या पेंडीवरील बुरशी हे त्यामागचे कारण असल्याचे निष्पन्न झाले आणि त्यातूनच ‘अफ्लाटॉक्सिन’ या बुरशीजन्य विषाचा शोध लागला. 1986 मध्ये ब्रिटनमध्येच गाईंमधील मेंदूचा रोग, म्हणजे ‘मॅड काऊ’, प्रथम निश्चितपणे ओळखला गेला. मृत जनावरांच्या मांस-हाडांचा चुरा गाईंच्या खाद्यात मिसळण्याच्या प्रथेमुळे तो फैलावला होता. या रोगाचा मानवातील मेंदूविकाराशी संबंध असावा, असे 1996 मध्ये तेथील सरकारने जाहीर केले. पुढे 2001 मध्ये लाळ-खुरकत रोगाची भीषण साथ आली. पुरेशी न उकळलेली खरकटी डुकरांना खाऊ घातल्याने ती सुरू झाली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष होता. त्या साथीत 60 लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली.

ब्रिटनमधील कठोर बंदी

या अनुभवानंतर ब्रिटनने स्वीकारलेला नियम अत्यंत कडक आहे. स्वयंपाकघरातून गेलेले कोणतेही अन्न, अगदी भाजीची साले व भाकरीचे तुकडेदेखील, कोंबड्यांना देणे तेथे बेकायदेशीर आहे. हौसेखातर पाळलेल्या दोन-चार कोंबड्यांनाही हा नियम लागू होतो. प्राणिजन्य पदार्थ मुळीच न वापरणारी घरे तेवढी याला अपवाद आहेत. बागेतून थेट आणलेला पाला चालतो. तोच पाला स्वयंपाकघराच्या ओट्यावरून गेला तर चालत नाही. त्यामुळे आजारी कोंबडीला उकडलेले अंडे भरविण्याची इच्छा मालकाला कितीही झाली, तरी तिचे नेहमीचे खाद्य कोमट पाण्यात भिजवून मऊ करणे, हाच तेथील कायदेशीर मार्ग उरतो.

हा नियम एका कोंबडीच्या दृष्टीने अतिरेकी वाटू शकतो. तथापि प्रत्येक घरात जाऊन मांसाचा अंश असलेले अन्न कोणते आणि नसलेले कोणते, हे तपासणे प्रशासनाला अशक्य असते. अशा वेळी सोपी व सरसकट बंदी ही तपासणीचा खर्च वाचविणारी युक्ती ठरते. तिचा भार ब्रिटनमधील हौशी पालकाला सोसवतो, कारण तयार खाद्याची पिशवी विकत घेणे त्याला परवडते.

भारतातील नियमांची रचना

भारतात परसातील कोंबड्यांना घरातील उरलेसुरले अन्न देण्यावर अशी सरसकट बंदी नाही. सांडलेले धान्य, कण्या, कोंडा, भाजीचा पाला आणि उकिरड्यावरील किडे यांवरच ही पद्धती उभी आहे. खाद्यावर जवळजवळ काहीच खर्च होत नाही, हेच तिचे आर्थिक बळ होय. येथे ब्रिटनची बंदी जशीच्या तशी लागू केली, तर ती रोगाआधी परसातील कुक्कुटपालनच संपवील.

भारतातील नियमनाचा भर वेगळ्या ठिकाणी आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पशुधनाचे संवर्धन, पशुरोग प्रतिबंध व पशुवैद्यकीय व्यवसाय हे विषय राज्य सूचीत (नोंद 15) आहेत. पेंड व इतर खुराकासह जनावरांच्या खाद्याचा व्यापार (नोंद 33), अन्नभेसळ (नोंद 18), औषधे (नोंद 19) आणि रोगांचा आंतरराज्य प्रसार रोखणे (नोंद 29) हे विषय समवर्ती सूचीत येतात. या विभागणीमुळे नियमही अनेक कायद्यांत विखुरलेले आहेत. कुक्कुटखाद्याच्या गुणवत्तेसाठी भारतीय मानक ब्युरोचे ‘भारतीय मानक 1374’ असून त्यात प्रथिने, आर्द्रता, अफ्लाटॉक्सिन इत्यादींच्या मर्यादा ठरविलेल्या आहेत. अंडी व मांस यांतील औषधांच्या अंशांवर अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 अन्वये नियंत्रण ठेवले जाते.

परसातील कोंबडीच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची तरतूद मात्र औषध नियमांत आहे. जानेवारी 2012 मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, 1945 मधील नियम 97 मध्ये दुरुस्ती करण्यात आली. तिच्यानुसार अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या औषधाच्या वेष्टनावर ‘औषध-वर्ज्य काळ’ नमूद करणे बंधनकारक झाले. औषधाची शेवटची मात्रा दिल्यापासून अंडी, दूध वा मांस खाण्यास योग्य होईपर्यंतचा काळ म्हणजे औषध-वर्ज्य काळ. एखाद्या औषधासाठी तो विशेषत्वाने निश्चित झालेला नसेल, तर अंडी व दूध यांसाठी किमान 7 दिवस आणि कुक्कुट व सस्तन प्राण्यांच्या मांसासाठी किमान 28 दिवस धरावा, असे हा नियम सांगतो. यापुढील टप्पा म्हणून जुलै 2019 मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठीचे प्राणी, कुक्कुटपक्षी व त्यांच्या खाद्यपूरकांत कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर बंदी घातली. मानवी उपचारांत अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले हे औषध कोंबड्यांच्या वाढीसाठी वापरले जात होते. अशा वापरातून औषधाला न जुमानणारे जीवाणू निर्माण होतात, हे त्या निर्णयामागचे कारण होय.

आजारी कोंबडीचा आहार

आजारी कोंबडीला सर्वप्रथम वेगळे करावे. कोरडी, उबदार जागा आणि स्वच्छ पाणी ही तिची पहिली गरज असते, कारण खाणे सोडलेली कोंबडी पाण्याअभावी अधिक लवकर खचते. त्यानंतर नेहमीचेच खाद्य किंवा धान्याची भरड पाण्यात भिजवून थोडी थोडी द्यावी आणि उरलेले भिजके खाद्य त्याच दिवशी काढून टाकावे. मऊ कवचाची अंडी देणाऱ्या कोंबडीला शिंपल्यांचा चुरा उपयोगी पडतो. खारट पदार्थ, बुरशी लागलेली पेंड किंवा भाकरी आणि कच्च्या कोंबडीच्या मांसाचे अवशेष कटाक्षाने टाळावेत. अवशेषांतून राणीखेत व बर्ड फ्लूसारख्या रोगांचे विषाणू पसरू शकतात. माणसाने टाकून दिलेले बुरशीयुक्त धान्य कोंबडीला चालते, हा समजही घातक आहे, कारण अफ्लाटॉक्सिन तिच्या यकृतावरच आघात करते.

औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे. राणीखेत, म्हणजेच ग्रामीण भागात परिचित असलेला ‘मानमोडी’ रोग, विषाणूजन्य असून प्रतिजैविकांनी तो बरा होत नाही. तरीही औषधाच्या दुकानातून आणलेली प्रतिजैविकाची पूड सर्व कोंबड्यांच्या पाण्यात मिसळणे, हा अनेकदा अवलंबिला जाणारा उपाय असतो. त्याची किंमत एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका कुटुंबाकडे पाच कोंबड्या असून प्रत्येक कोंबडी एक दिवसाआड अंडे देते. पाच दिवस औषध आणि त्यापुढे सात दिवस औषध-वर्ज्य काळ असे बारा दिवस धरले, तर सामाईक भांड्यात औषध घातल्यास 30 अंडी वाया जातील. केवळ आजारी कोंबडीला वेगळे ठेवून औषध दिल्यास फार तर 6 अंडी सोडावी लागतील. म्हणजेच विलगीकरण हा रोगप्रतिबंधाचा उपाय तर आहेच, शिवाय नियम पाळण्याचा खर्च पाचपटीने कमी करणारा उपायही आहे.

नियम का पाळले जात नाहीत?

खरी अडचण यापुढे येते. कोंबडी मरणार असे दिसताच तिची सुरी फिरवून भाजी करणे किंवा आठवडी बाजारात मिळेल त्या भावाला विकणे, हा गरीब कुटुंबाच्या दृष्टीने नुकसान टाळण्याचा उपाय असतो. समाजाच्या दृष्टीने तोच सर्वाधिक धोक्याचा निर्णय ठरतो. प्राण्यांमधील सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, 2009 अन्वये अनुसूचित रोगाचा संशय आल्यास गावातील अधिकारी वा पंचायतीला कळविणे व आजारी प्राणी वेगळा ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. राणीखेत आणि बर्ड फ्लू हे दोन्ही रोग त्या अनुसूचीत आहेत. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक झाला, तेव्हा परिसरातील कोंबड्या मोठ्या प्रमाणावर नष्ट कराव्या लागल्या. नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी भरपाईची तरतूद असते; रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळत नाही. त्यामुळे माहिती लवकर देण्याला प्रोत्साहन मिळावे, हा हेतू असला तरी भरपाईची खात्री व वेग यांवरच त्याचे यश अवलंबून असते.

दुसरी अडचण लसीची आहे. राणीखेतवर लस हाच प्रभावी उपाय असला, तरी एका कुपीत शंभर वा त्याहून अधिक मात्रा असतात. ती थंड ठेवावी लागते आणि एकदा द्रावण तयार केल्यावर काही तासांतच संपवावी लागते. पाच कोंबड्यांच्या मालकिणीला अशी कुपी निरुपयोगी आहे. अर्थशास्त्रातील ‘अविभाज्यते’चे हे नमुनेदार उदाहरण असून त्यावरील उत्तर सामूहिक कृतीतच आहे. गावातील सर्व कोंबड्यांचे एकाच दिवशी लसीकरण केल्यास तीच कुपी पुरेपूर वापरली जाते. 1962 या क्रमांकाशी जोडलेली फिरती पशुवैद्यकीय पथके, तसेच पशुसंवर्धन विभाग व राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियान यांच्यातील 2021 च्या करारातून आकारास आलेली ‘ए-हेल्प’ योजना यांची उपयुक्तता येथे आहे. या योजनेत प्रशिक्षित पशुसखी गावातील पशुपालक आणि पशुवैद्यकीय सेवा यांना जोडतात.

समारोप

ब्रिटनने बंदीचा मार्ग निवडला, भारताने औषधांच्या अंशांवर नियंत्रणाचा. दोन्ही मार्गांमागील तत्त्व एकच आहे : कोंबडीच्या भांड्यात जे पडते ते अखेर माणसाच्या ताटात येते. मात्र भारतीय मार्गात नियम पाळण्याची जबाबदारी 7 आणि 28 दिवसांचा हिशेब ठेवणाऱ्या पालकावर येते. औषधाच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे तिला वाचता येत नसतील, पशुवैद्यक तिच्यापासून अनेक किलोमीटर दूर असेल आणि अंडी सोडून देण्याइतकी तिची ऐपत नसेल, तर राजपत्रातील नियम राजपत्रातच राहतो. म्हणूनच परसातील कुक्कुटपालनाच्या योजनांचे मूल्यमापन केवळ वाटलेल्या पिलांच्या संख्येवरून न करता, लस आणि सल्ला किती खुराड्यांपर्यंत पोहोचला यावरून होणे आवश्यक आहे.